नाकाशिवाय चाखलेली लागर

नाशिकहून निघताना अजितनं, माझ्या नवऱ्यानं, दोनदा विचारलं, "नक्की जातेस?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं आणि द्वारका चौकात कल्याणच्या शेअर टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. जानेवारीची सकाळ होती. टॅक्सी भरेपर्यंत ड्रायव्हर शेजारी उभा राहून बिडी ओढत होता. धूर खिडकीतून माझ्या तोंडावर येत होता. एरवी मी काच वर केली असती. त्या दिवशी मी मुद्दाम खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. नुसती गरम हवा.

प्रवासाचं कारण सांगते. नाशिकच्या बाहेर एका वायनरीत मी काम करते. वास घेणं आणि चव घेणं हीच माझी नोकरी. दिवाळीनंतर मला ताप आला, आठवड्यात उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, कदाचित नाही येणार, वाट बघा. घरी अजितला माहीत होतं. ऑफिसात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सर्दी आहे, दात काढलाय, गोळ्या चालू आहेत, असं काहीबाही सांगून चाखण्याचं काम धाकट्या सहकाऱ्यांवर ढकलत होते. रोज सकाळी फाटकातून आत शिरताना वाटायचं, आज कुणी तरी ग्लास हातात देणार.

अशात मिलिंदचा फोन आला. मिलिंद पाटील माझा कॉलेजातला मित्र. आम्ही अन्नतंत्रज्ञान एकत्र शिकलो. तो ठाण्याचा. वागळे इस्टेटमध्ये एक जुनी शेड घेऊन त्यानं बिअर करायला सुरुवात केलेली, आणि तिथंच लोकांना बसून पिता येईल अशी जागाही उभी करत होता.

"वैशाली, मी साधी लागर बिअर केलीय," तो म्हणाला. "आंबा नाही, कॉफी नाही, मसाला नाही. जव, पाणी, हॉप्स, यीस्ट. बस्स. पुढच्या शनिवारी दार उघडतोय. पण मला डाउट येतोय गं. काही तरी वास आहे तिला. माझंच नाक थकलंय की खरंच आहे, मला कळत नाही. तू ये. तू सांगशील ते फायनल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मनात एक वेडी आशा होती. नवं गाव, नवा पदार्थ. कदाचित नाक दचकून जागं होईल. ही आशा मी अजितलासुद्धा सांगितली नाही.

कसारा घाटात धुकं होतं. समोरच्या ट्रकचे लाल दिवे दिसायचे आणि विझायचे. ड्रायव्हर उतारावर सारखा ब्रेक दाबत होता. अर्ध्या घाटात मागच्या सीटवरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. त्यांच्या शेजारचे आजोबा ओरडले, "अरे, थांबव! ब्रेक जळतायत!"

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. आम्ही सगळे उतरलो. पुढच्या चाकातून पांढरा धूर निघत होता, धुक्यात मिसळत होता. माझ्याच पायाखालचं चाक. दरीच्या बाजूला सिमेंटचा बुटका कठडा होता, त्यापलीकडे काहीही दिसत नव्हतं.

"ताई, तुम्ही पुढं बसलेल्या," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हाला वास नाय आला?"

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

चाक निवेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते.  तोवर मी नाकाचा विचार नोकरीपुरताच केला होता.

कल्याणला दुर्गाडीपाशी टॅक्सीनं सोडलं. खाडीवर ऊन पडलं होतं, किल्ल्याच्या टेकडीवर भगवा झेंडा वाऱ्यावर फडफडत होता. तिथून रिक्षा केली, पत्रीपुलावरच्या गर्दीतून डोंबिवलीत आले. रात्री सुशीलामावशीकडे राहून दुसऱ्या दिवशी ठाण्याला जायचं होतं; ती एमआयडीसीच्या निवासी विभागात राहते. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला वस्ती. मधे एक रस्ता. गल्ल्या मात्र छान झाडीच्या, बैठ्या इमारतींच्या. मावशी एकटी असते, दुसऱ्या मजल्यावर. शिक्षिका होती, अजूनही पूर्ण वाक्यांत बोलते.

"आलीस का? वाळली आहेस," ती म्हणाली. "हात-पाय धू. मी वालाचं बिरडं केलं आहे."

लहानपणी या बिरड्यासाठी मी सुट्टीत हट्ट करून तिच्याकडे राहायचे. आता ताटात होतं ते मऊ वाल, दाताखाली येणारा खोबऱ्याचा चोथा, मीठ, आमसुलाचा आंबटपणा आणि शेवटी थोडासा गूळ. जिभेला एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाचं असतं, हे मी लोकांना शिकवते. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "अगदी तसंच झालंय." ती खूश झाली.

दिवस मावळला तसं मावशीनं उठून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

"आला बघ," ती म्हणाली. "थंडीत फार येतो. कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी नेलपॉलिशसारखा. आज गोडसर आहे. गोडसर मला मुळीच आवडत नाही."

"कारखान्यांचा?"

"नाहीतर कोणाचा? आम्ही इथं नाकावर जगतो बाई. एकदा एका कारखान्यात स्फोट झाला होता. या खिडकीची काच माझ्या पलंगावर पडली होती. तेव्हापासून वास जरा वेगळा आला की इमारतीतले सगळे जिन्यात येऊन एकमेकांना विचारतात. ये, इकडे उभी राहा, कळेल तुला."

मी तिच्याशेजारी फटीपाशी उभी राहिले. समोर झाडं, त्यामागे कारखान्यांच्या धुराड्यांवरचे दिवे. खालच्या रस्त्यावर एक माणूस नाकाला रुमाल लावून चालला होता.

"येतोय ना?" मावशीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

रात्री झोप लागली नाही. एवढं मोठं गाव वासावर पहारा ठेवून होतं आणि त्यात मी एकटी बहिरी.

सकाळी मावशी तिच्या भजनी मंडळाच्या बायकांबरोबर देवळात गेली. जाताना वॉशिंग मशीन लावून गेली आणि सांगून गेली, "दूध तापव, चहा करून घे." मी दूध गॅसवर ठेवलं. ते तापेपर्यंत बाहेरच्या खोलीत येऊन लागरवरची माझी जुनी टिपणं फोनवर वाचत बसले. दुपारी मिलिंदकडे जायचं होतं. काय बोलायचं याची मी चक्क तयारी करत होते. दोषांची नावं, ते ओळखायच्या पायऱ्या, कुठला शब्द कधी वापरायचा. नाक असल्याचं नाटक करायची तयारी म्हणा ना. मशीन मोठ्यानं घरघरत होतं.

मधेच दुधाची आठवण झाली. आत गेले तर पातेल्यातलं निम्मं दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलेलं. बर्नर दुधानं भरला होता, जाळ नव्हता. मला वाटलं, मीच मघाशी बंद केला असेल. पातेलं बाजूला केलं, फडक्यानं शेगडी पुसली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला लायटर हातात घेतला.

दारावर धाडकन थाप पडली. मग दोन्ही हातांनी थापा.

"सुशीलाताई! काही पेटवू नका! गॅस! गॅस!"

लायटर माझ्या हातात होता. अंगठा दट्ट्यावर होता. मी तो अंगठा उचलला, तेवढंच मला आठवतं. त्या क्षणी मी शेगडीकडे बघितलं. बटण उघडं होतं.

दार कसं उघडलं कळलं नाही. समोरच्या तांबेबाई नाकावर ओढणी दाबून आत घुसल्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, बटण फिरवलं, ओट्याखाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मग एकेक खिडकी उघडत सुटल्या.

"मशीनला हात लावू नका! दिव्याला पण नाही! चला, बाहेर या आधी!"

आम्ही दोघी खालपर्यंत उतरलो. त्यांनी जाताना प्रत्येक मजल्यावर दारं ठोकली. बेल कुणाचीच वाजवली नाही. खाली पारिजातकाच्या झाडाशी माणसं जमली. कुणी गाऊनमध्ये, कुणाच्या तोंडात ब्रश. मी मात्र लायटर तसाच मुठीत धरून उभी होते. तांबेबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तो काढून घेतला.

"मी पेपर घ्यायला दार उघडलं तर जिन्यात केवढा वास," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आत! तुम्हाला कळलं नाही?"

सर्दीचं कारण ओठांवर आलं होतं. पण जीभ उचलली नाही.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "कसलाच. दोन महिने झाले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली. 

मावशी देवळातून आली तेव्हा घर हवेशीर झालेलं होतं आणि मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, ओरडेल. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "काल माझ्याजवळ खिडकीत उभं राहून तू हो म्हणालीस."

"हो."

"आणि बिरडं?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मुळात मी घरात असते तर," एवढं म्हणून ती थांबली. ते वाक्य आम्ही दोघींनी तिथंच सोडलं.

मी ठाण्याला जाऊ नये असं तिचं म्हणणं होतं. पण त्या घरात, त्या ओट्याजवळ बसणं मला शक्य नव्हतं. दुपारी टॅक्सी केली. ड्रायव्हर मोठागावचा, आगरी. त्यानं गाडी नव्या पुलावरून माणकोलीकडे घेतली. पुलावरून दोन्ही बाजूंना खाडी दिसते. ओहोटी होती, काळा चिखल उन्हात चकाकत होता, कडेला खारफुटी, दोन-चार बगळे.

"पयले आमचा बापूस होरीनं (होडीनं) पल्याड जायचा," तो म्हणाला. "आता पाच मिन्टं. पन ओहोटीला वास काय सुटतो बगा. काच लावू का?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे उघडी."

माजिवड्याला घोडबंदर रोडच्या वाहतुकीत अडकलो. उंच इमारतींच्या काचांवर ऊन तळपत होतं. मी मनाशी ठरवत होते, मिलिंदला दारातच सांगायचं. आत शिरायच्या आधीच.

वागळे इस्टेटमध्ये अजून लेथ मशिनींचा आवाज येतो. एका बाजूला काचेची नवी ऑफिसं, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड, मधे चहाच्या टपऱ्या. मिलिंद फाटकातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की माझी दारातली वाक्यं दारातच राहिली.

"आलीस! ये, ये. जेरोम, ही वैशाली. हिचं नाक बघ, नीट बघून घे."

जेरोम त्याचा भागीदार. उत्तनकडच्या कॅथलिक घरातला, धिप्पाड माणूस. त्यानं हसून हात मिळवला. "आठवडाभर तुमचंच नाव ऐकतोय ताई. एकदाचं काय ते सांगा. हा झोपत नाय आणि मला पण झोपू देत नाय."

आत स्टीलच्या टाक्या होत्या, छपरापर्यंत गेलेल्या. मिलिंद चालता चालता सांगत होता. माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) कुठून आणला, हॉप्स (कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुलं) किती कमी घातली. लागर थंडीत हळूहळू आंबवायची असते, आणि मग आणखी थंडीत नुसती पडू द्यायची. या आधीची टाकीभर बिअर बिघडली म्हणून त्यानं गटारात सोडली होती. "फळांच्या बिअरमध्ये थोडं इकडंतिकडं झालं तर फळ सांभाळून घेतं गं. हिला लपायला जागाच नाही. म्हणून तर करायचीय."

त्यानं टाकीच्या तोटीखाली ग्लास धरला. वाळल्या गवताच्या काडीच्या रंगाची, स्वच्छ, वर दोन बोटं पांढरा फेस. ग्लास बाहेरून धुरकटला. त्यानं तो माझ्या हातात दिला आणि दोघं समोर उभे राहिले.

मी ग्लास हलवला. नाकाशी नेला. डोळे मिटले. सवयीनं सगळं झालं. आणि आत, जिथं आजवर दुकान उघडल्यासारखं एकेक दालन उघडत जायचं, तिथं काहीच नव्हतं. पांढरी भिंत. फेसाचे बुडबुडे नाकाच्या शेंड्यावर फुटत होते, तेवढे कळत होते. मी पुन्हा श्वास घेतला. ऐकू येत होता तो फक्त माझा श्वास आणि बाहेरच्या लेथचा आवाज. 

डोळे उघडले. आता एक शब्द बोलायचा होता. छान म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

"मिलिंद," मी म्हटलं, "मला वास येत नाही."

 मिलिंद ओरडलाच. "येत नाही ना? नाही ना येत? जेरोम, ऐकलंस?" त्यानं जेरोमला मिठी मारली. जेरोमनं त्याच्या पाठीवर थापा घातल्या. "बोललो होतो तुला! तुझ्या डोक्यात वास आहे, बिअरमध्ये नाय!" मिलिंदच्या डोळ्यांत पाणी होतं. तो फोन काढून कुणाला तरी लावायला लागला, घरी बहुतेक.

मी तिथं ग्लास घेऊन उभी. गप्प राहिले असते तर सगळं मिटलं असतं. मी तर खरंच बोलले होते. त्यांना हवं तसं त्यांनी ऐकलं होतं. सकाळी तांबेबाईंनी माझ्या मुठीतून काढून घेतलेला लायटर मला तेव्हा आठवला.

"मिलिंद, फोन ठेव. ऐक. तुझ्या लागरचं नाही म्हणत मी. मला वासच येत नाही. कशाचाच. ताप आला होता, तेव्हापासून गेलाय."

फोनवर पलीकडून कुणी तरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. त्यानं तो बंद केला.

"मस्करी करतेस?"

"आज सकाळी मावशीकडे गॅस भरला होता घरात. मी लायटर पेटवायला निघाले होते. मस्करी नाही."

जेरोम खाली बसला, एका रिकाम्या पिंपावर. मिलिंदचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला.

"मग तू आलीस कशाला? फोनवर का नाही सांगितलंस? मी कुणाला तरी दुसऱ्याला बोलावलं असतं. शनिवार आलाय, वैशाली. मी आता काय करू?"

 आजवर मला भीती होती ती हीच, कुणी तरी असं बघेल याची. ते घडत होतं आणि मी अजून उभी होते. 

"जीभ आहे," मी म्हटलं. "जिभेनं सांगू शकते, जेवढं कळेल तेवढं. विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव."

 मी एक घोट घेतला. थंड. आधी बारीक गोडवा, जवाचा. मग कडवटपणा, जिभेच्या मागे, बेताचा, रेघेसारखा सरळ. आणि गिळल्यावर सगळं संपायला हवं होतं. साध्या लागरनं तोंड धुऊन निघून जायचं असतं. पण टाळूवर काही तरी राहिलं. एक गुळगुळीत थर. शिरा खाल्ल्यावर तूप राहतं तसा. मी पाणी प्यायले, पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच.

"टाळू बुळबुळीत होतोय," मी म्हटलं. "तुला वास कसला वाटतो? लोण्याचा?"

मिलिंद दचकला. "मी तुला सांगितलं नव्हतं."

"यीस्टचं काम अर्धवट राहिलं की लोण्यासारखा वास येतो, आणि तोंडात असा थरही राहतो. पण माझी खात्री नाही. एक ग्लास झाकून गरम पाण्यात ठेव, मग गार कर. दोष असेल तर वास ठळक होऊन वर येईल."

केलं. दुसरा ग्लास तसाच ठेवला. जेरोमनं दोन्ही ग्लास आळीपाळीनं हुंगले. "मला तर दोन्ही सेम."

मिलिंदनं हुंगलं. "लोणी," तो म्हणाला. "आहे. हे बघ, आहे."

"तुला पाहिजे म्हणून येतोय तुला," जेरोम चिडला. "ताईंना तर नाकच नाय! एका नाक नसलेल्या बाईच्या सांगण्यावर आपण शनिवार सोडायचा? लोकांना बोलावून बसलोय!"

तो खोटं बोलत नव्हता. काही लोकांना हा वास मुळातच येत नाही, हेही मला माहीत होतं. पण ते बोलून दाखवायचा धीर झाला नाही. दोघांचा आवाज चढला, आणि मी मधे, माझ्या टाळूवरच्या त्या थराचा पुन्हा पुन्हा अंदाज घेत, हे माझ्या घाबरलेल्या डोक्याचंच तर नसेल ना असं स्वतःला विचारत होते.

शेवटी मिलिंद टाकीला पाठ टेकून म्हणाला, "थांबायचं. टाकी थोडी ऊबदार करतो, यीस्टला अजून काही दिवस देऊ. मग परत थंड. शनिवार गेला तर गेला." जेरोम दार आपटून बाहेर गेला. मिलिंदनं मला फाटकापर्यंत सोडलं, पण टॅक्सीत बसताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी नाशिकला लगेच परतले नाही. रजा वाढवली. मावशीला सोबत म्हणून राहते असं ऑफिसात कळवलं. खरं तर सोबत मलाच हवी होती. ते दिवस डोंबिवलीत वाईट गेले. उठले की आधी शेगडीचं बटण बघायचं, मग रेग्युलेटर, मग पुन्हा बटण. गॅसजवळ मी एकटी जायचीच नाही. मावशीनं कुठून तरी गॅसची सूचना देणारं यंत्र आणून भिंतीला लावून घेतलं, तरी माझी नजर तिथून हटत नसे. रात्री दचकून जाग यायची की मिलिंदनं माझ्या सांगण्यावरून चांगली बिअर बिघडवली असेल. वासाचं काय, हे तो फोनवर सांगत नव्हता. "ये, मग बघू," एवढंच.

पुढच्या आठवड्याच्या शेवटी अजित मला न्यायला गाडी घेऊन आला. मी म्हटलं, जाताना वागळे इस्टेटला थांबायचंय. आणि तू बरोबर आत यायचंस.

जेरोम मला बघून उठला. मिलिंदनं टेबलावर दोन ग्लास ठेवले. एक त्या दिवशी बाटलीत भरून ठेवलेल्या जुन्या लागरचा, एक टाकीतून आत्ता काढलेला. कुठला कोणता, हे सांगितलं नाही.

"मी गाडी चालवणार आहे," अजित म्हणाला. "मी पिणार नाही. मी फक्त वास घेतो. पण मला त्यातलं काही कळत नाही हां." अजितचं हार्डवेअरचं दुकान आहे. जन्मात तो कधी वासाबद्दल चार शब्द बोललेला मला आठवत नाही.

त्यानं पहिला ग्लास उचलला. खूप वेळ हुंगला. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"हा," तो म्हणाला, "थिएटरच्या दारात येतो ना, तसला. पॉपकॉर्न. लोणी घातलेलं."

मिलिंदनं जेरोमकडे बघितलं. जेरोमनं मान खाली घातली.

"आणि हा?"

अजितनं दुसरा घेतला. "हा वेगळा आहे. हा, बघ, आपण पहाटे स्टेशनला जायचो तेव्हा ती बेकरी लागायची. मागच्या दारानं गरम पाव काढायचे. तसा. आणि मागून थोडं गवत. ओलं नाही, वाळलेलं." तो थांबला. "चुकलं का?"

"नाही," मिलिंद म्हणाला. 

मी तो दुसरा ग्लास घेतला. थंड, गोडसर, मग ती कडवट रेघ. गिळलं. आणि तोंड स्वच्छ. काही उरलं नाही. पाव मला आला नाही. गवतही आलं नाही. पण अजितनं सांगितलेलं डोक्यात होतं आणि ते धरून मी ग्लास संपवला. चाखायला घेतलेला ग्लास मी आजवर कधी संपवला नव्हता.

निघताना जेरोम गाडीपर्यंत आला. "सॉरी ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी जरा जास्तच बोललो." मग खिडकीत वाकून हळूच विचारलं, "पण मला अजून पण नाय येत तो लोण्याचा वास. मला पण काय झालं नसेल ना?" मी त्याला सांगितलं, काही जणांना तो जन्मतःच येत नाही, घाबरू नका. त्याला बरं वाटलं. मला सांगणारं तसं कुणी नव्हतं.

भिवंडीचा रस्ता ओलांडून आम्ही नाशिककडे लागलो. शहापूरच्या आसपास मी अजितला सांगितलं की सोमवारी ऑफिसात सगळं खरं सांगणार. नोकरी राहील की नाही माहीत नाही. तो म्हणाला, "सांग." एवढंच. घाट चढताना मला पुन्हा भीती वाटायला लागली. धुकं नव्हतं, गाडी आमचीच होती, तरी वाटली. ही भीती आता सहज जाणार नाही; वास परत आला तर कदाचित जाईल, नाहीतर राहील.

"आता कसला वास येतोय?" मी विचारलं.

"डिझेल," तो म्हणाला. मग माझ्याकडे एकदा बघून त्यानं काच खाली केली. इगतपुरीला म्हणाला, वडे तळतायत. घोटीच्या पुढं म्हणाला, कुणी तरी पाला जाळलाय. नाशिक जवळ आलं तसं म्हणाला, द्राक्षावर फवारणी चाललीय, हा तुला नाही आला तेच बरं. मी न विचारता तो सांगत राहिला, अडखळत, शब्द शोधत.

घरी पोहोचलो. त्यानं कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबला. मला हातानं मागे धरलं. आत अंधार होता.  त्यानं दिव्याला हात न लावता लांब श्वास घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. "नुसता घराचा वास आहे. ये आत."